पेटी वाजवत गाणाऱ्यासाठी दोन स्वस्त रिबन माईक

पेटी वाजवत गाणाऱ्याचं घरी रेकॉर्डिंग करायचं तर स्वस्त कंडेन्सर माईक (बाहेरून वीज लागणारा नेहमीचा स्टुडिओ माईक) दोन ठिकाणी त्रास देतो. पेटीच्या तार सप्तकातल्या रीड चिरक्या लागतात. शिवाय गळ्याच्या माईकमध्ये पेटी इतकी शिरते की मिक्स करताना गळा वर नेला की पेटीही त्याच्यासोबत वर येते. रिबन माईक पहिला त्रास त्याच्या मऊ आवाजामुळे कमी करतो. दुसरा तो आणखी चांगला सोडवतो, कारण हा माईक पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, पण कडेने जवळजवळ ठार बहिरा असतो. ही बहिरी बाजू कुणाकडे वळवायची हे आधी ठरवा, आवाजाचं नंतर बघू.

आतली रचना साधी आहे. दोन चुंबकांच्या मधल्या फटीत अॅल्युमिनियमची बारीक चुण्या पाडलेली पट्टी, म्हणजेच रिबन, सैल टांगलेली असते. तिची जाडी साधारण २ ते ४ मायक्रॉन, म्हणजे डोक्याचा केस तिच्या निदान पंधरापट जाड. पट्टीचा रोध एका ओहमपेक्षाही कमी असतो, म्हणून आत १:३० ते १:३७ च्या घरातला छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात आणि बाहेर २०० ते ३०० ओहम मिळतात. १९३०च्या दशकात आरसीए कंपनीत हॅरी ओल्सन यांनी हा माईक रेडिओ आणि चित्रपटांसाठी घडवला. तेव्हाच्या चुंबकांमुळे तो वजनाला भलताच जड होता. आज निओडिमियम चुंबकामुळे तोच प्रकार मुठीत मावतो. एमएक्सएल आर१४४ किंवा कॅस्केड फॅटहेडसारखे माईक याच स्वस्त गटातले.

स्वस्तात काटकसर कुठे होते ते माहीत असू द्या. बहुतेकदा ती ट्रान्सफॉर्मरमध्ये होते. तो लहान असला की खर्ज पोकळ किंवा फाटका येतो. कधी पट्टी जास्तच सैल बसवलेली असते, मग सगळं घुमतं. नवा माईक हातात आला की तीन गोष्टी तपासा. एक हात अंतरावरून समोर बोला, मग तेवढ्याच अंतरावरून मागे जाऊन बोला. पातळी जवळजवळ सारखी हवी. मग बोलत बोलत गोल फिरा. बरोबर कडेला आल्यावर आवाज एकदम पातळ आणि दूरचा व्हायला हवा. दोन्ही कडांना तो सारखा पडत नसेल तर पट्टी मध्यावर नाही, माईक परत करा. शेवटी खोली शांत करून गेन (माईकचा सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) वाढवा आणि गुणगुण ऐका. लॅपटॉपचा चार्जर किंवा गिटार अॅम्प जवळ असेल तर ट्रान्सफॉर्मर ती ओढून घेतो. माईक जागच्या जागी फिरवून पाहा, एका कोनात गुणगुण बरीच कमी होते. चाचणी म्हणून माईकवर फुंकर मात्र कधीही मारू नका. पट्टी एका फुंकरीने ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येत नाही.

फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसने (माईक कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) केबलमधून माईकला दिलेले ४८ व्होल्ट, रिबन माईक मारते ही भीती अर्धी खरी आहे. ४८ व्होल्ट केबलच्या दोन्ही तारांवर सारखेच येतात, त्यामुळे केबल धडधाकट असेल तर ट्रान्सफॉर्मरमधून काहीच वाहत नाही. घात होतो तो फँटम चालू असताना केबल खुपसली आणि एक पिन दुसरीच्या आधी टेकली तेव्हा, किंवा केबलमधली एक तार तुटलेली असली तेव्हा. त्या क्षणी प्रवाहाचा झटका बसतो आणि पट्टी फटीतून बाहेर ढकलली जाते. म्हणून फँटम बंद करा, मिनिटभर थांबा, स्पीकर म्यूट करा, मगच माईक जोडा. दोन चॅनलच्या बऱ्याच इंटरफेसना फँटमचं एकच बटण असतं. एका चॅनलवर कंडेन्सर चालू आहे म्हणून दुसऱ्यावरही व्होल्टेज गेलेलं असतं, हे लक्षात राहत नाही. आत स्वतःचा अँप्लिफायर असलेल्या अॅक्टिव्ह रिबनला मात्र ४८ व्होल्ट लागतातच. आपला माईक कोणता ते खोक्यावर वाचा.

आता गेन. स्वस्त पॅसिव्ह (आत अँप्लिफायर नसलेला) रिबन ९४ डेसिबल आवाजाला साधारण दीड मिलिव्होल्ट देतो. नेहमीचं बोलणं एका फुटावर ७० डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे हाती येतो जेमतेम ०.०९ मिलिव्होल्ट. तो कामाच्या पातळीला आणायला हजारपट, म्हणजे ६० डेसिबल गेन लागतो. कंडेन्सरला यातले २० डेसिबल सहज कमी पुरतात. तुमच्या इंटरफेसचा गेन ५० ते ५५ डेसिबलला संपत असेल, किंवा शेवटच्या पाव फेऱ्यात खरखर वाढत असेल, तर इनलाइन बूस्टर, म्हणजे केबलच्या मधे जोडायचा छोटा अँप्लिफायर, घ्या. क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर २५ डेसिबलच्या आसपास देतो. तो फँटमवर चालतो, पण फँटम माईककडे जाऊ देत नाही. आधी माईक बूस्टरला, मग बूस्टर इंटरफेसला जोडा, आणि फँटम सगळ्यात शेवटी चालू करा. इंटरफेस ६५ ते ७० डेसिबल शांतपणे देत असेल तर बूस्टरवर पैसे घालू नका. प्रीअँपचा (इंटरफेसमधल्या, माईकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) इनपुट इम्पीडन्स, म्हणजे रोध, दीड हजार ओहमच्या वर हवा. कमी असेल तर आवाज दबतो. रेकॉर्ड करताना सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

मांडणीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. गायक मांडी घालून बसलाय, पुढ्यात पेटी. पहिला माईक तोंडाच्या उंचीवर, ओठांपासून ३० ते ३५ सेंटिमीटरवर, सरळ उभा. माईकच्या दांड्याची रेषा वर आणि खाली दोन्हीकडे वाढवून पाहा, त्या रेषेवरही माईक बहिराच असतो. नेमकी तिथेच, ४० सेंटिमीटर खाली, पेटी आहे. गायकाला तोंड मिटून पेटीवर नुसता सा धरून ठेवायला सांगा आणि हेडफोन लावून माईक दोन-चार अंश पुढेमागे कलवा. पेटी जिथे सगळ्यात बारीक होईल तिथे स्टँडचा स्क्रू आवळा. खोलीतून उसळून येणारी पेटी थोडी उरेलच, पण थेट येणारी जवळजवळ नाहीशी झालेली असेल.

दुसरा माईक पेटीसाठी, आडवा. तो पेटीच्या मध्यापासून भात्याच्या बाजूला वीसेक सेंटिमीटर सरकवून, पेटीच्या पट्ट्यांच्या (बोटांनी दाबायच्या) वर ४० सेंटिमीटरवर धरा. तोंड खाली पेटीकडे, आणि माईकचं डोकं गायकाच्या ओठांवर रोखलेलं. आता याच्या बहिऱ्या रेषेत गळा आला. पहिल्याचं बूड पेटीवर, दुसऱ्याचं डोकं गायकावर, एवढं ध्यानात ठेवलं तरी मांडणी जमते. याहून खाली आणू नका, पट्ट्यांची खटखट वाढते आणि भात्याचा वारा माईकच्या रिबनला लागतो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवून एकाची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करून ऐका. ज्यात खर्ज भरलेला वाटेल ती ठेवा.

पंखा बंद. वारा कुठल्याही बाजूने आला तरी पट्टी हलते आणि खालून गडगड ऐकू येते, तिथे बहिरी बाजू कामाची नाही. मराठीत प, फ, ब, भ यांचा मारा मोठा, ‘पांडुरंग’ म्हटल्याबरोबर कळतं. म्हणून माईकपासून १० सेंटिमीटरवर पॉप फिल्टर (फुंकर अडवणारा जाळीचा पडदा) लावा, आणि माईक ओठांच्या अगदी समोर न ठेवता चार बोटं वर घ्या. वर घेतल्यावर सा धरून पेटीची चाचणी पुन्हा एकदा करा.

मागची बाजूही पुढच्याइतकीच ऐकते, म्हणून पहिल्या माईकच्या मागे मोकळी भिंत नको. भिंत किमान एक मीटर लांब ठेवा आणि तिच्यापासून हातभर पुढे दोरीवर जाड गोधडी टांगा. भिंतीला चिकटवलेली गोधडी फक्त वरचे स्वर शोषते, मधे हवा राहिली की मधलेही थोडे आटोक्यात येतात.

तबला असेल तर माईक किमान ६० सेंटिमीटर वर आणि समोर धरा. डग्ग्याच्या तोंडाशी कधीच नेऊ नका, हवेचा धक्का पट्टी सैल करतो. सनईला एक ते दीड मीटर अंतर द्या. कंडेन्सरमध्ये टोचणारी सनई इथे गोल येते, हे ऐकण्यासारखं आहे.

रेकॉर्डिंग ऐकल्यावर पहिल्यांदा आवाज झाकोळलेला वाटेल. माईक बिघडलाय असं समजू नका. जवळून गाताना रिबनचा खर्ज कार्डिऑइडपेक्षाही (मुख्यतः पुढूनच ऐकणाऱ्या माईकपेक्षाही) जास्त फुगतो. पुरुषाच्या आवाजाला ८० ते १०० हर्ट्झवर, बाईच्या आवाजाला १२० च्या आसपास लो-कट (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) लावा. तरी फुगीर असेल तर २०० हर्ट्झवरून खाली ३ डेसिबल उतरवा. मग ८ ते १० किलोहर्ट्झवर हाय शेल्फने (त्यावरचे सगळे स्वर एकत्र उचलणाऱ्या फिल्टरने) ३ ते ५ डेसिबल चढवा. स्वस्त कंडेन्सरवर एवढं चढवलं तर स आणि श कानाला लागतात. रिबनच्या वरच्या टप्प्यात तसे सुळके नसल्यामुळे तो ही वाढ झेपवतो. लो-कट आधी लावा. झाकोळ काढायचं निम्मं काम तिथेच होतं, मग वर कमी चढवावं लागतं आणि त्यासोबत वाढणारी खरखरही कमी राहते.

काम संपलं की माईकवर कापडी पिशवी घाला, मगच स्टँड उचला. हातात धरून भराभर चालू नका. माईकच्या खोक्याचं झाकण हळू लावा, आपटून मिटताना आतली हवाच पट्टीवर आदळते. माईक उभा ठेवा, महिनोन्महिने आडवा राहिला तर पट्टी स्वतःच्या वजनाने झुकते. आणि जिथे लोखंड कापलं किंवा घासलं जातं त्या टेबलावर तो कधी उघडा ठेवू नका. लोखंडाचा कीस जाळीतून चुंबकाकडे ओढला जातो, फटीत अडकतो आणि पट्टीला घासू लागतो. घरी तो काढायचा प्रयत्न करू नका. पट्टी बदलून देणाऱ्या कारागिराकडेच माईक द्या.