कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनमध्ये पाणी येतंय? ड्रायरवाल्याला फोन करायच्या आधी ड्रेनखाली बादली लावा

पाऊस सुरू झाला की दरवर्षी तेच. पावडर कोटिंगवाला येऊन ओरडतो, गनमध्ये पावडरच्या गुठळ्या होतायत, आणि बाजूला उभा असलेला कोणीतरी शहाणा लगेच निदान करतो, ड्रायरचा (दाबलेली हवा गार करून सुकवणाऱ्या मशीनचा) गॅस गेला. गेला नसतो हो, दहातल्या आठ वेळा तरी माझ्याकडे गेलेला नव्हता.

आधी पाण्याचा हिशोब बघा. 50 एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण 6 घनमीटर हवा ओढतो. हवा 30 डिग्री आणि 80 टक्के दमट असेल तर 7 बारला दाबून आफ्टरकूलरमध्ये (दाबलेली गरम हवा गार करणारा कूलर) 40 डिग्रीपर्यंत गार केल्यावर तासाला 6 लिटरच्या वर पाणी सुटतं, म्हणजे एका शिफ्टला 50 लिटर. हे सगळं ड्रायरच्या आधी मॉइश्चर सेपरेटरमध्येच बाहेर पडायला हवं, ड्रायरने फक्त उरलेली वाफ काढायची असते. सेपरेटरचा ऑटो ड्रेन (साचलेलं पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला की ते 50 लिटर पुढे ड्रायरच्या गळ्यात, मग बिचारा ड्रायर काय करणार?

म्हणून सेपरेटरच्या ड्रेनखाली बादली लावा आणि तासाभराने बघा. भर पावसाळ्यात बादली कोरडी असेल तर दोष सापडला. खात्रीसाठी बाजूचा मॅन्युअल कॉक हळूच उघडा, नुसती हवा सुसू करत आली तर ठीक, पाणीच पाणी येत राहिलं तर ऑटो ड्रेन मेलाय. ड्रेन लाइनपासून बंद करा, प्रेशर शून्यावर आणा (गेज बघून, अंदाजाने नाही), स्ट्रेनरची जाळी काढा. तपकिरी चिखल निघेल, गंज आणि तेलाचा. धुवा, परत लावा, टेस्ट बटण दाबून बघा. टायमरवाला ड्रेन असेल तर उन्हाळ्यातलं सेटिंग पावसात पुरत नाही, मधला वेळ कमी करा.

आता जिथे मी स्वतः तीन आठवडे घातले ते सांगतो. ड्रेन चालू, जाळी साफ, तरी लाइनला पाणी. ड्रायरचा गॅस तपासून घेतला, फिल्टरचे एलिमेंट बदलले, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी एका दुपारी ड्रायरच्या ड्रेनजवळ स्टूल टाकून बसलो तेव्हा दिसलं की रिसीव्हर टँकचा (हवा साठवायच्या टाकीचा) ड्रेन उडाला की ड्रायरच्या ड्रेनची पारदर्शक नळी उलट्या बाजूने भरते! झालं असं होतं की सेपरेटर, टँक, फिल्टर, ड्रायर, चारही ड्रेन एकाच अर्ध्या इंची पाइपात जोडून गटारीत सोडले होते. दिसायला एकदम नीटनेटकं, आणि जोडलं कोणी, तर मीच. एक ड्रेन 7 बारने उडतो, त्या दाबाने बाकीच्यांचं पाणी अडतं नाहीतर मागे जातं. प्रत्येक ड्रेनची नळी वेगळी काढा आणि टोक नरसाळ्याच्या वर उघडं ठेवा, पाणी पडताना डोळ्याला दिसलं पाहिजे. यावर माझ्याशी वाद घालू नका.

आणि कॉक थोडासा उघडा ठेवायचा जुगाड तर बंदच करा. 7 बारला 3 मिमीच्या भोकातून या मशीनची दहाव्या हिश्शाची हवा जाते, ते वीजबिल कोण भरणार?

बाकीचं पटकन: आफ्टरकूलरच्या आणि ड्रायरच्या कंडेन्सरच्या फिन्स हवेने साफ करा, ड्रायरचा बायपास (ड्रायर टाळून हवा पुढे नेणारी वाट) कोणी उघडा ठेवलाय का बघा, आणि मशीनकडे जाणारे फाटे मेन लाइनच्या वरच्या बाजूने काढलेत ना ते बघा, खालून काढलेत तर पाणी सरळ मशीनमध्येच उतरणार.

कॉम्प्रेसरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर ती वेगळी भानगड. वर हिशोबाला घेतलेलीच हवा दाबली की तिचा दवबिंदू (वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान) 66-67 डिग्रीला येतो, म्हणजे मशीन 60-65 वरच चालत असेल तर पाणी तेलातच साचणार. मोठं मशीन आणि कमी लोड, नाहीतर थर्मल व्हॉल्व्ह (तेल गार असताना ते कूलरकडे न जाऊ देणारा) उघडा अडकून तेल कायम कूलरमधून फिरतंय, या दोनपैकी एक धरा. 80 च्या वर चालू द्या. तोपर्यंत रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी, मशीनमधल्या तेलाच्या टँकचं प्रेशर शून्य बघून, खालचा कॉक अगदी हळू उघडा, रात्रभरात पाणी तळाला बसलेलं असतं, ते आधी येतं. तेलाची पहिली धार दिसली की बंद.