वाटपाच्या दाव्यात प्राथमिक आक्षेप कसा घ्यावा

समन्स आलं, वादपत्राची (वादीने दाखल केलेल्या दाव्याची) कागदांसह प्रत घेतली, सातबारा, फेरफार आणि वंशावळ जमवली, वकील नेमला. इथपर्यंत सगळे नीट करतात. मग कोणीतरी सांगतं, "मुदतीचा अर्ज टाका, म्हणजे दावा मुदतबाह्य म्हणून वादपत्र फेटाळा असा, दावा लगेच निघतो." अर्ज फेटाळला जातो आणि तोवर कैफियतीचे (वादपत्राला लेखी उत्तर देण्याचे) दिवस संपलेले असतात.

म्हणून आधी कैफियतीची तारीख लिहून ठेवा. समन्स बजावल्यापासून ३० दिवस, न्यायालयाने कारणं नोंदवून वाढवून दिले तर ९० पर्यंत. वादपत्र फेटाळण्याचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून कैफियत लांबवता येत नाही.

कोर्ट फी कमी भरली असेल तर सांगा, पण न्यायालय ती भरायला वेळ देतं. जमीन दोन न्यायालयांच्या हद्दीत असेल तर वादी कोणत्याही एकात दावा लावू शकतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १७), तिथे शक्ती घालवू नका.

बहीण किंवा मयत भावाची मुलं दाव्यात नसतील तर त्यांची नावं कैफियतीत लिहा, न्यायालय वादाचे मुद्दे ठरवण्याआधीच. नंतर हा आक्षेप सोडून दिला असं धरलं जातं. यामुळे दावा लगेच संपेल ही अपेक्षा मात्र नको. बहुतेक वेळा वादीला पक्षकार जोडायची संधी मिळते.

आता अवघड टप्पा, वादपत्र सुरुवातीलाच फेटाळण्याचा अर्ज (त्याच संहितेतला आदेश ७ नियम ११). या अर्जावर न्यायालय फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद वाचतं. तुमची कैफियत, तुमचे जुने कागद, गावाला माहीत असलेली गोष्ट, यातलं काहीही त्या दिवशी मोजलं जात नाही. हे पक्कं डोक्यात बसल्याशिवाय अर्जाला हात लावू नका.

समजा वादीने लिहिलंय, "जमीन एकत्रच आहे, गेल्या वर्षी भावाने हिस्सा नाकारला." तुमच्याकडे १९८८ चा फेरफार आहे. तो दाखवून दावा मुदतबाह्य ठरत नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्याला १२ वर्षं मिळतात, पण ती वगळल्याचं त्याला कळल्यापासून (मुदत कायदा, अनुच्छेद ११०). फेरफार महसुलासाठी असतो, आणि एका सहहिस्सेदाराचा ताबा सहसा सगळ्यांचा धरतात. हा पुराव्याचा प्रश्न आहे. कैफियतीत मांडा, साक्षीत सिद्ध करा.

अर्ज कुठे टिकतो? वादी स्वतःच लिहितो की १९९५ च्या नोंदणीकृत वाटणीपत्रावर माझी सही आहे, फसवणूक त्याच वर्षी कळली, आणि ते पत्र आज रद्द करून मागतो. रद्द करण्यासाठी मुदत तीन वर्षांची, आणि कळल्याची तारीख त्यानेच दिली आहे. माझा नियम ठाम आहे: अर्जातल्या प्रत्येक वाक्यापुढे वादपत्रातला परिच्छेद क्रमांक लिहा. ज्याला क्रमांक सापडत नाही ते वाक्य काढा. सगळीच वाक्यं गेली तर अर्ज करू नका. आणि वादपत्र अर्धवट फेटाळलं जात नाही. एक मागणी मुदतबाह्य असून दुसरी उभी राहत असेल तर सगळं वादपत्र राहतं.

पूर्वीच्या दाव्याचा निकाल असेल तर तोही इथे चालत नाही. प्राङ्न्यायासाठी (तोच वाद आधीच निकाली निघाला, या आक्षेपासाठी) जुनं वादपत्र, मुद्दे आणि निकाल तपासावे लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. त्यांच्या सहीशिक्क्याच्या नकला काढा आणि कैफियतीत आक्षेप घ्या. आदेश १४ नियम २ खाली तो आधी ठरवून मागता येतो, पण पुरावा लागणार नसेल तरच.

जुने नमुने उतरवू नका. त्यांत कलम ९अ (अधिकारक्षेत्राचा आक्षेप आधी ठरवण्याचं) असतं, ते महाराष्ट्रात २०१८ मध्ये वगळलं. "वडील २००५ आधी वारले, म्हणून मुलीला दावा नाही" हेही लिहू नका. मुलींना समान हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली; त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने ठरलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटप असेल तर ते मात्र दाखवा, या दुरुस्तीने ते मोडत नाही.

अर्ज मंजूर झाला तरी वादीला अपील आहे, आणि मुदत शिल्लक असेल तर आदेश ७ नियम १३ प्रमाणे नवं वादपत्रही दाखल करता येतं. तेव्हा मूळ कागद जपून ठेवा.