श्वासातला ॲसिटोन मोजताना

सेन्सर चालू करून लगेच त्यावर फुंकर मारू नका. टिन ऑक्साइड किंवा टंगस्टन ऑक्साइडच्या नॅनोकणांचा थर साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसला तापल्यावरच नीट काम करतो. मी हीटर आदल्या रात्रीच चालू करून ठेवते आणि कोरड्या, स्वच्छ हवेत थराचा विद्युत रोध स्थिरावला की त्याची नोंद करते. ॲसिटोन थराच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन खातो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घसरतो. किती घसरला, ते या नोंदीशीच ताडायचं.

खरी कसोटी श्वास गोळा करण्यात आहे. पहिले सुमारे १५० मिलिलिटर म्हणजे तोंडातली आणि श्वासनलिकेतली हवा. तिची रक्ताशी गाठच पडलेली नसते. ती सोडून द्या, शेवटचा भाग पिशवीत घ्या. आणि हो, सॅनिटायझर लावलेले हात लांबच! अल्कोहोलच्या वाफेने माझी एक अख्खी सकाळ वाया गेली होती.

श्वास पाण्याच्या वाफेने जवळजवळ संपृक्त असतो आणि तिचाही रोधावर परिणाम होतो, ॲसिटोन मात्र दहा लाखांत जेमतेम एखादा भाग. म्हणून कॅलिब्रेशनचा, म्हणजे ॲसिटोनचं प्रमाण आधीच माहीत असलेला, सेन्सर पारखण्याचा वायूही तितकाच दमट करून घ्या. कोरड्या वायूवर काढलेला आलेख श्वासाला लावणं मला मुळीच मान्य नाही.

मधुमेहात श्वासातला ॲसिटोन वाढू शकतो, पण तो वाढला म्हणजे मधुमेहच, असं नाही. उपवासाने, व्यायामाने, कमी कर्बोदकांच्या आहारानेही तो वाढतो. शेवटचं जेवण कधी झालं ते आधी विचारून लिहून ठेवा, आणि निदानासाठी रक्तातली साखर तपासाच.