मोबाइलमध्ये अँटीव्हायरस टाकताय? आधी या चुका टाळा

फोन जरा तापला, मध्येच जाहिरात आली किंवा बॅटरी लवकर उतरली की बहुतेकांचा हात थेट प्ले स्टोअरकडे जातो आणि ‘अँटीव्हायरस’ असं शोधून पहिलं दिसेल ते ॲप टाकलं जातं. दुखणं कधी राहतं, कधी वाढतं. मूळ गैरसमज असा, की फोन म्हणजे लहान कॉम्प्युटर आणि तिकडचा उपाय इकडेही चालणार.

चूक पहिली : अँटीव्हायरसला पहारेकरी समजणं

कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस सिस्टीमच्या मुळाशी बसतो. कुठलीही फाइल उघडताना तो मध्ये पडू शकतो, चालू प्रोग्रॅम थांबवू शकतो. फोनवर त्याला ही जागाच मिळत नाही. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळा युजर आयडी देतं आणि प्रत्येकाची खोली, कुलूप वेगळं ठेवतं. एका ॲपला दुसऱ्याचा डेटा वाचता येत नाही. अँटीव्हायरसही तिथला आणखी एक भाडेकरूच, फार तर जरा चौकस.

मग तो करतो काय? फोनमध्ये कुठली ॲप्स आहेत त्यांची यादी तो पाहू शकतो आणि त्यांच्या एपीके (ज्यातून ॲप इन्स्टॉल होतं ती) फायली वाचून आपल्याकडच्या ओळखीच्या घातक नमुन्यांशी ताडून बघू शकतो. एखादं ॲप आतल्या आत काय उद्योग करतंय हे त्याला दिसत नाही. घातक ॲप सापडलं तरी तो ते परस्पर काढू शकत नाही. ‘अनइन्स्टॉल करायचं का?’ ही खिडकी उघडून देतो, बटण तुम्हालाच दाबावं लागतं. याउलट, प्ले स्टोअरबरोबर येणारं प्ले प्रोटेक्ट सिस्टीमचाच भाग असल्यामुळे ते घातक ॲप स्वतःहून बंद करू किंवा काढू शकतं.

आयफोन आणि आयपॅडवर तर एवढीही मुभा नाही. तिथे एका ॲपला शेजारी कोणती ॲप्स आहेत त्यांची यादीसुद्धा मिळत नाही, मग स्कॅन कसलं करणार? २०१५ मध्ये ॲपलने ॲप स्टोअरवरून व्हायरस-स्कॅनर म्हणून विकली जाणारी ॲप्स हटवली होती. आज तिथे ‘सिक्युरिटी’ नावाने जे मिळतं ते म्हणजे व्हीपीएन (फोनचं सगळं नेट एका वेगळ्या रस्त्याने नेणारी सोय), वेबसाइट-फिल्टर आणि पासवर्ड फुटला का हे सांगणारी सोय. हवं असेल तर घ्या, पण त्याला अँटीव्हायरस म्हणू नका.

विंडोजवर चालणारा टॅबलेट मात्र या हिशोबात बसत नाही. तो पुरता कॉम्प्युटर आहे, त्याला अँटीव्हायरस लागतोच. सिस्टीमसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर चालू ठेवला की बहुतेकांचं भागतं.

चूक दुसरी : नाव बघून ॲप टाकणं

२०१४ मध्ये प्ले स्टोअरवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचं पैसे घेणारं ॲप झपाट्याने खपत होतं. दहा हजारांहून जास्त लोकांनी ते घेतलं. त्याचं सगळं काम एवढंच : ढालीवर बोट टेकवलं की फुलीची बरोबरची खूण व्हायची. बाकी शून्य. गुगलने ते नंतर काढून टाकलं.

२०१९ मध्ये एव्ही-कंपॅरेटिव्हज या ऑस्ट्रियातल्या प्रयोगशाळेने अँड्रॉइडची २५० अँटीव्हायरस ॲप्स तपासली. घातक नमुन्यांपैकी ३० टक्क्यांहून जास्त ओळखणारी आणि चांगल्या ॲप्सवर खोटा आळ न घेणारी ॲप्स निघाली फक्त ८०. काही ॲप्सकडे घातक नमुन्यांची यादी नव्हतीच. ठरावीक नावांची ॲप्स चांगली आणि बाकीची सगळी वाईट, असा कारभार. त्यातल्या काहींचं स्वतःचं नावही त्या चांगल्यांच्या यादीत घालायचं राहून गेलं होतं, त्यामुळे त्यांनी स्वतःलाच व्हायरस ठरवलं! आणि २०२२ मध्ये शार्कबॉट हा बँक खाती रिकामी करणारा ट्रोजन (भल्या ॲपच्या वेषातलं घातक ॲप) प्ले स्टोअरवर अँटीव्हायरसचंच सोंग घेऊन आला होता. म्हणजे टाकायचंच असेल तर एव्ही-टेस्ट (अशीच आणखी एक प्रयोगशाळा) किंवा एव्ही-कंपॅरेटिव्हज यांच्या अलीकडच्या चाचणीत उतरलेलं बघा. स्टोअरमधले तारे मोजू नका.

मग अँटीव्हायरस लागतो तरी कोणाला? ॲप्स फक्त प्ले स्टोअरवरून घेत असाल आणि अपडेट वेळेवर येत असतील तर प्ले प्रोटेक्ट पुरेसं आहे. कामासाठी बाहेरून एपीके टाकावी लागत असतील, किंवा आलेली प्रत्येक लिंक दाबणाऱ्या माणसाच्या हातात फोन असेल, तर चाचणीत उतरलेलं एक ॲप जरूर ठेवा. आयफोनला नाही.

चूक तिसरी : एकाच्या जागी दोन-तीन टाकणं, वर ‘क्लीनर’ही

अँटीव्हायरस ॲप्सची वेबसाइट-फिल्टरची सोय बहुधा व्हीपीएनच्या रस्त्याने चालते आणि अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू ठेवतं. दोन ॲप्स टाकली की दुसरं पहिल्याला बाहेर काढतं. नेट मध्येच बंद पडण्याचं हे एक कारण असू शकतं.

रॅम मोकळी करणाऱ्या क्लीनरची तऱ्हा आणखी वेगळी. अँड्रॉइड अलीकडे वापरलेली ॲप्स मुद्दाम रॅममध्ये ठेवतं, म्हणजे ती पुन्हा चटकन उघडतात; जागा लागली की जुनी स्वतःच काढतं. क्लीनरने ती झाडून टाकली की प्रत्येक ॲप पुन्हा शून्यापासून सुरू होतं. फोन मंद होतो, बॅटरी जास्त खर्च होते.

चूक चौथी : ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत’ यावर विश्वास

वेबसाइटला तुमचा फोन स्कॅन करता येत नाही, मुळीच नाही. पानावर दिसणारं फोनचं किंवा सिस्टीमचं नाव ब्राउझरच साइटला कळवतो. फोन थरथरला म्हणून घाबरू नका. अँड्रॉइडवर क्रोममधलं पान फोन थरथरवू शकतं, ती साधी सोय आहे.

अशा खिडकीतलं ‘ओके’ किंवा ‘कॅन्सल’, काहीच दाबू नका, दोन्ही त्यांचीच बटणं असतात. टॅबच बंद करा. होत नसेल तर सेटिंग्ज, ॲप्स, क्रोम, फोर्स स्टॉप. नंतरही वरच्या पट्टीत असल्या सूचना येत राहिल्या तर कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाउ’ केलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी साइट्स काढा. आयफोनवर कॅलेंडरमध्ये भीतिदायक नोंदी दिसू लागल्या तर तो व्हायरस नसून नकळत लावलेलं कॅलेंडर आहे : कॅलेंडर ॲपमध्ये खाली ‘कॅलेंडर्स’ उघडा, त्या नावापुढचं ‘आय’ चिन्ह दाबा आणि अनसबस्क्राइब करा.

चूक पाचवी, आणि सगळ्यांत महागडी : ॲक्सेसिबिलिटीची परवानगी

दृष्टी किंवा हालचालींची अडचण असलेल्यांसाठी ही सोय आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. म्हणजे ओटीपी वाचणं, बँकेच्या ॲपमध्ये पैसे पाठवणं, सगळं. खोल्या वेगळ्या, कुलपं वेगळी, पण या परवानगीने सगळ्या किल्ल्या एकाच्या हातात जातात. अँड्रॉइडवरचे बँक-ट्रोजन बहुतेक याच वाटेने येतात, आणि इथे अँटीव्हायरसपेक्षा तुमचा ‘नाही’ जास्त कामाचा.

‘पार्सल अडकलंय, हे ॲप टाका’ असा मेसेज येतो, त्यात एपीके असते. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरून आलेल्या ॲपसाठी ॲक्सेसिबिलिटीचं बटण राखाडी दिसतं आणि ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ असा इशारा येतो. तो उठवायला ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन तीन टिंबांतून ‘अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ निवडावं लागतं. फोनवरून गोड बोलत कोणी तुम्हाला या तीन टिंबांपर्यंत नेत असेल, किंवा प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगत असेल, तर तिथेच फोन ठेवा.

आत्ताच बघून घ्या : सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथली डाउनलोड केलेली ॲप्स. मग ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’मध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’, ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ आणि नोटिफिकेशन ॲक्सेस. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, सेटिंग्जच्या शोधपट्टीत टाइप केलं की सापडतात. ब्राउझर आणि मेसेजिंग ॲपला ‘अननोन ॲप्स’ची परवानगी असेल तर काढा.

चूक सहावी : त्याच फोनवरून पासवर्ड बदलणं

घातक ॲप घुसल्याची खात्री झाली की लोक घाईने त्याच फोनवरून पासवर्ड बदलतात. पडद्यावर पाळत ठेवणाऱ्या ॲपला नवा पासवर्डही आयताच मिळतो. क्रम असा ठेवा :

१. एरोप्लेन मोड लावा, वायफायही बंद झालंय ना बघा.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. दुसऱ्याच फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला, आधी ईमेलचा.
३. सेफ मोडमध्ये फोन सुरू करा. बऱ्याच फोनवर पॉवर मेन्यूमधल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. यात नंतर टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे अनइन्स्टॉलचं पान उघडताच ते बंद करणारं ॲपही गप्प बसतं.
४. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत शोधा. होम स्क्रीनवर आयकॉन नसला तरी इथे नाव असतं. अनइन्स्टॉल राखाडी दिसलं तर त्या ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर खास नियंत्रणाचा, हक्क घेतलाय. ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मध्ये खूण काढा, मग अनइन्स्टॉल करा.
५. फोन नेहमीसारखा सुरू करा. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून प्ले प्रोटेक्टचं स्कॅन चालवा. गिअरच्या चिन्हात स्कॅनिंग बंद केलेलं नाही ना, तेही पाहा.

मध्येच येणाऱ्या जाहिरातींचा धनी ओळखायची एक युक्ती आहे. जाहिरात पडद्यावर असतानाच ‘रीसेंट ॲप्स’चं बटण दाबा, तिथल्या पहिल्या कार्डावर बहुधा दोषी ॲपचं नाव किंवा आयकॉन दिसतो. बऱ्याचदा ते एखादं बिनकामाचं टॉर्च किंवा वॉलपेपर ॲप असतं.

चूक सातवी : जुन्या अपडेटवर अँटीव्हायरसचं ठिगळ

२०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ या अँड्रॉइडमधल्या त्रुटीने दाखवून दिलं की नुसत्या एमएमएसने अँड्रॉइड फोन ताब्यात घेता येतो. त्यानंतरच गुगलने दरमहा सुरक्षा-अपडेट द्यायला सुरुवात केली. सिस्टीमचं भोक सिस्टीमचाच अपडेट बुजवतो. भाडेकरूला इमारतीचा पाया दुरुस्त करता येत नाही. ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप करा आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती वर्षभराहून जुनी असेल आणि नवा अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका. गाणी, घड्याळ, कॅमेरा यांना तो चालेल.

फॅक्टरी रीसेट करूनही दुखणं परत येत असेल तर दोन शक्यता. एक, रीसेटनंतर बॅकअपने तेच ॲप किंवा तीच एपीके परत आणली. रीस्टोअरच्या यादीत त्याची खूण काढून पुन्हा करा, आणि रीसेटआधी गुगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना याची खात्री करा, नाहीतर फोन कुलूपबंद होऊ शकतो. दुसरी, घातक कोड कारखान्यातूनच आला. २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘बॅडबॉक्स’ प्रकरणात अनोळखी ब्रँडची अँड्रॉइड उपकरणं अशी निघाली होती. तो कोड सिस्टीमच्याच भागात असतो, रीसेट फोनला त्याच अवस्थेत परत नेतो आणि अँटीव्हायरसला तिथे हात लावता येत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ खाली डिव्हाइस सर्टिफाइड आहे की नाही ते लिहिलेलं असतं. नसेल तर त्या उपकरणावरचं गुगल खातं काढा, त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडून बदला आणि ते उपकरण घरच्या वायफायवरूनही उतरवा.