७०-३०० लेन्सने कासची फुले टिपताना

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कास पठारावर बरीच फुले पायवाटेपासून दूर असतात, त्यामुळे तेथे खऱ्या मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सपेक्षा ‘मॅक्रो’ बटण असलेली साधी ७०-३०० मिलिमीटर झूम लेन्स अनेकदा अधिक उपयोगी पडते. टॅमरॉनच्या अशा लेन्सवर हे बटण १८० ते ३०० मिलिमीटर या टप्प्यातच चालते आणि एरवी दीड मीटर असलेले किमान फोकस अंतर ९५ सेंटिमीटरवर येते. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, तर कॅमेऱ्यातील सेन्सरपासून मोजले जाते.

३०० मिलिमीटरवर इतक्या जवळून सेन्सरवर मिळणारी प्रतिमा वस्तूच्या निम्म्या आकाराची असते. म्हणून तेरड्याचे फूल उत्तम भरते, सीतेची आसवे ही इवली फुले मात्र चौकटीत लहानच दिसतात आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरील चिकट थेंब टिपायचे असतील तर नंतर छायाचित्र कापावेच लागते. ऑटोफोकस इतक्या जवळ चाचपडत राहतो, तेव्हा तो बंद करून रिंग शेवटपर्यंत फिरवावी आणि स्वतःच किंचित पुढे-मागे झुकत पुंकेसरांवर फोकस साधावा. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ-८ ते एफ-११ ठेवावे. पठारावरचा वारा हा खरा शत्रू असल्याने शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढला तरी चालेल. दाणेदार छायाचित्र सुधारता येते, हललेले नाही.