या चुका टाळा: न्यूमेरिकल मेथड्सचं जर्नल भरण्याआधी

शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत, त्यामुळे कोल्हापुरातल्या मेकॅनिकलच्या पोरांना मिनी प्रोजेक्टचा विषय शोधत बसावं लागत नाही. कास्टिंग किती वेळात थंड होतं? उष्णतावहनाचं एकमितीय समीकरण घ्यायचं, फायनाइट डिफरन्स (डेरिव्हेटिव्हच्या जागी शेजारच्या आकड्यांची वजाबाकी) लावायचा, रंगीत ग्राफ काढायचा. विषय चांगलाच आहे. पण त्याच्यासोबत दर वर्षी तीच चूकही येते, म्हणून आधी तिचाच समाचार घेऊ.

समजा ओतीव लोखंडाची ४० मिलिमीटर जाडीची प्लेट आहे. सुरुवातीला सगळीकडे १००० अंश सेल्सिअस, आणि दोन्ही पृष्ठभाग ३० अंशांवर धरलेले. (खरा पृष्ठभाग असा झटक्यात ३० वर येत नाही, पण पहिल्या प्रोजेक्टला चालून जातं.) अल्फा, म्हणजे धातूत उष्णता किती झटपट पसरते तो गुणांक, धरा सेकंदाला १५ चौरस मिलिमीटर. दर २ मिलिमीटरला एक नोड, म्हणजे तापमान काढायचा बिंदू. आणि डेल्टा-टी, म्हणजे वेळेची एक पायरी? अर्धा सेकंद. का, तर आकडा सुटसुटीत दिसतो! याहून वेगळं कारण ओरलला सहसा ऐकायला मिळत नाही.

आता आर काढा. अल्फा गुणिले डेल्टा-टी, भागिले डेल्टा-एक्सचा (दोन नोडांमधल्या अंतराचा) वर्ग: १५ × ०.५ ÷ ४ = १.८७५. एक्सप्लिसिट पद्धतीत नोडचं नवं तापमान म्हणजे जुनं तापमान अधिक आर × (डावा शेजारी − स्वतःची दुप्पट + उजवा शेजारी). पृष्ठभागाला लागून असलेला पहिला नोड घ्या. कंसात ३० − २००० + १००० = −९७०. त्याला १.८७५ ने गुणलं की −१८१८.७५. म्हणजे नवं तापमान −८१८.७५ अंश. निरपेक्ष शून्य −२७३.१५ ला आहे. आपलं कास्टिंग पहिल्याच पायरीत त्याच्याही खाली गेलं. दुसऱ्या पायरीला तोच नोड ४१८२.८१ अंशांवर उडी मारतो. भट्टीतून काढलेली प्लेट एका सेकंदात भट्टीपेक्षा गरम!

हे कागदावर दोन ओळींत दिसतं. पण कागद कोण घेतो? थेट पाचशे पायऱ्या रन होतात, स्क्रीनवर उभ्या रेघा येतात, शेवटी सगळीकडे ‘नॅन’ (हा आकडाच नाही, असं संगणकाचं उत्तर). मग सुरू होते मलमपट्टी. कुणी ग्राफचा अक्ष ० ते १००० मध्ये कापून टाकतो. त्याहून वाईट म्हणजे कोडात एक ओळ घुसते: तापमान ३० च्या खाली गेलं तर ३० कर, १००० च्या वर गेलं तर १००० कर. ग्राफ एकदम सभ्य दिसायला लागतो, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग होतं, आणि ‘थंड होण्याचा वेळ’ म्हणून जो आकडा छापला जातो त्याचा लोखंडाशी काही संबंध उरलेला नसतो. ही ओळ कोडात सापडली की पुढचं वाचायची गरज नाही, प्रोजेक्ट तिथेच संपला.

कारण सोपं आहे. सूत्र नीट मांडलं तर नोडच्या स्वतःच्या जुन्या तापमानाचा गुणक (१ − २ × आर) येतो. इथे तो −२.७५ आहे. म्हणजे नोड आत्ता जितका गरम, तितका पुढच्या क्षणी थंड. निसर्गात असं होत नाही. म्हणून आर ०.५ च्या वर जाता कामा नये. आपल्या प्लेटसाठी डेल्टा-टीची मर्यादा ४ ÷ ३० = ०.१३३ सेकंद. आमची सवय आर ०.२५ ठेवायची, म्हणजे ०.०६७ सेकंद, अगदी काठावर चालण्यात काही मर्दुमकी नाही. आणि ‘ग्रिड बारीक केली तरी उडतंय’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी: डेल्टा-एक्स निम्मा केला की डेल्टा-टी चौथाई करावा लागतो. १ मिलिमीटरला मर्यादा ०.०३३ सेकंद. नोड दुप्पट, पायऱ्या चौपट, काम आठपट.

यावर कुणीतरी लगेच ‘मग क्रँक-निकोल्सन वापरतो’ म्हणतं. जुन्या आणि नव्या तापमानांची सरासरी घेऊन चालणारी, १९४७ पासूनची भरवशाची पद्धत आहे, आरची मर्यादा नाही, जरूर वापरा. पण तिच्यातही डेल्टा-टी बेफाम वाढवला आणि पृष्ठभागाचं तापमान असं झटक्यात बदललेलं असेल, तर सुरुवातीला उत्तर वरखाली हेलकावे खातं. पहिल्या चार-सहा पायऱ्या बॅकवर्ड ऑयलरने (शेजाऱ्यांची नवी तापमानं धरणाऱ्या पद्धतीने) घ्या, मग तिकडे वळा. आणि एक्सप्लिसिट एकदा तरी स्वतःच्या हाताने उडवून पाहिल्याशिवाय वळूच नका.

दुसरी लाडकी समजूत: स्टेप जितकी लहान, तितकं उत्तर अचूक. ती अर्धीच खरी. साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह एक्स = १ रेडियनला काढा; उत्तर ०.५४०३ यायला हवं. एच, म्हणजे स्टेप, म्हणून १० चा उणे सोळावा घात टाका. उत्तर येतं शून्य. डबल प्रिसिजनमध्ये साधारण सोळा अंक मावतात, त्यामुळे १ मध्ये एवढा एच मिळवला की बेरीज पुन्हा १ च राहते आणि वजाबाकीत काहीच उरत नाही. फॉरवर्ड डिफरन्सला (फक्त पुढचा बिंदू घेणाऱ्या) एच १० च्या उणे आठव्या घाताच्या आसपास, सेंट्रलला (पुढचा-मागचा दोन्ही घेणाऱ्या) उणे पाचव्याच्या आसपास ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे ०.१ पासून दर वेळी दहाने भागत तक्ता करा. अंक आधी स्थिरावत जातात, मग बिघडायला लागतात. बिघडायच्या आधीची ओळ आपली.

याच घराण्यातली चूक म्हणजे लूपमध्ये वेळ ०.१ ने वाढवत ‘टी १ पेक्षा लहान असेपर्यंत’ चालवणं. दहा वेळा ०.१ मिळवल्यावर संगणकात ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं आणि लूप अकराव्यांदा फिरतो. पायऱ्या पूर्णांकात मोजा, वेळ गुणाकाराने काढा. ०.१ बायनरीत नेमका लिहिता येत नाही ही पुस्तकी बाब वाटत असेल, तर २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये काय झालं ते पाहा. क्षेपणास्त्रं अडवणाऱ्या पॅट्रियट यंत्रणेचं घड्याळ दशांश सेकंदात मोजत होतं आणि ०.१ चा आकडा २४ बिटांत कापलेला होता. सुमारे १०० तास सलग चालल्यावर चूक ०.३४ सेकंदांवर गेली, येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक मेले.

सिव्हिलवाल्यांचा न्यूटन-रॅफसन, म्हणजे डेरिव्हेटिव्हने भागून पुढचा अंदाज काढणारी पद्धत. ३ मीटर रुंद आयताकृती कालवा, मॅनिंगचा एन (कालव्याचा खडबडीतपणा) ०.०१५, उतार ०.०००४, विसर्ग सेकंदाला ५ घनमीटर, खोली काढा. सुरुवातीचा अंदाज ० दिला तर डेरिव्हेटिव्ह शून्य, भागाकार बंद. ‘मग थोडंसं देतो’ म्हणून ०.०१ दिला तर पुढचा अंदाज १६.२८ मीटर! इथे नशिबाने पद्धत परत खाली येते, सगळीकडे येईलच असं नाही. ०.१ आणि ३ च्या मध्ये बायसेक्शन करा. बारा वेळा निम्मं केलं की मिलिमीटरच्या आत पोहोचता. किंवा १ मीटरपासून सुरू करा. खरं उत्तर १.५१ मीटर.

गाउस-सायडेलमध्ये (समीकरणसंच फेऱ्याफेऱ्यांनी सोडवताना) ‘शेवटच्या दोन उत्तरांत ०.००१ चा फरक उरला, थांबलो’ असं लिहिणाऱ्यांनी फरक दर फेरीला किती पटीने कमी होतोय तेही पाहावं. तो ०.९९ पट होत असेल, तर खऱ्या उत्तरापासून तुम्ही अजून सुमारे ०.१ लांब आहात.

पंचगंगेच्या पातळीच्या तासातासाच्या २५ नोंदींतून २४ व्या घाताची बहुपदी नेऊ नका. समान अंतरावरच्या बिंदूंतून मोठ्या घाताची बहुपदी टोकांना थयथयाट करते, हे रुंगेने १९०१ मध्ये दाखवलंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. नदी दोन्हींच्या खाली असताना तुमची वक्ररेषा कागदावर पूर आणेल. क्युबिक स्प्लाइन (तिसऱ्या घाताच्या तुकड्यांची जोडलेली रेषा) घ्या.

समीकरणसंच सोडवायला मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढू नका, संच थेट सोडवणारी ‘सॉल्व्ह’ आज्ञा वापरा. पिव्होटिंग (भागायला मोठा आकडा मिळावा म्हणून ओळींची अदलाबदल) वगळू नका.

इंटिग्रेशनच्या, म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ काढायच्या, सिम्पसनच्या एक-तृतीयांश नियमाला सम संख्येत भाग लागतात, म्हणजे बिंदू विषम. हे अजूनही सांगावं लागतं.

कॅल्क्युलेटर रेडियनवर. कॉस एक्स = एक्सचं उत्तर ०.७३९१ ऐवजी ०.९९९८ आलं, तर तो डिग्रीवर आहे. मधले आकडे चार स्थळांवर कापून पुन्हा टाइप करण्यापेक्षा ‘आन्स’ बटण वापरा.

आरके-४ (डिफरन्शियल समीकरणं सोडवायची चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत) चा कोड बरोबर आहे का हे विचारायला येण्याआधी उत्तर माहीत असलेलं समीकरण घ्या आणि एच निम्मा करा. चूक सुमारे सोळावा हिस्सा व्हायला हवी. निम्मी किंवा चौथाईच होत असेल तर कोडात घोळ आहे, आणि तो बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो: एक्स आणि व्हीची अशी दोन जोडलेली समीकरणं असताना आधी एक्सचे चारही के (पायरीतले उताराचे अंदाज) काढले जातात आणि मग व्हीचे. दोन्हींचे के-१ काढा, मग दोन्हींचे के-२, आणि याच क्रमाने के-४ पर्यंत जा.