गावातल्या हॉरर शॉर्टफिल्मसाठी पात्रं कशी उभी करायची

दिवाळी झाली की दरवर्षी दोन-चार पोट्टे येतातच, भाऊ हॉरर शॉर्टफिल्म करायची आहे, भुताचा मेकअप कसा करू? मेकअप राहू द्या. आधी माणसं ठरवा, कारण माणसं चुकली की कितीही रंग फासला तरी कोणी घाबरत नाही. मोबाईल, लाइट, जागा तुमच्याकडे आहे असं धरतो.

पात्रं पाचच. पंधरा मिनिटांत याच्यापेक्षा जास्त चेहरे ध्यानात राहत नाहीत.

पहिला बळी लोकांना आवडायला लागलेला पाहिजे. दारू पिऊन बडबडणारा नको, तो गेला तर कोणाला काय वाटणार? हिचकॉकनं 1960 च्या 'सायको'त जिला आपण हिरॉईन समजून बसलो होतो तिलाच अर्ध्याच्या आत मारलं, त्यानंतर कोण वाचेल याचा भरवसाच राहत नाही.

इशारा देणारी बुढी: एकच वाक्य. "सांजच्याला त्या धुऱ्यानं (बांधानं) जाऊ नको" म्हणायचं आणि परत तुरीच्या शेंगा सोलायला लागायचं. कारण सांगू देऊ नका, तिनं गोष्ट सुरू केली की भीती गेलीच.

आता अवघड काम, न मानणारा. इथंच सगळ्यांची फिल्म पडते, माझीही पडली होती. मी शहरातून आलेला कॉलेजचा पोरगा घेतला होता, तो बुढीला हसायचा आणि शर्यत लावून रात्री पडक्या विहिरीवर जायचा. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवली. भुतानं त्याला धरलं तर लोक खुश झाले, बरं झालं म्हणे, आणि समोर बसलेल्या एका मावशीनं विचारलं, "पण तो तिथी गेलाच काऊन?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट, जायचं कारण असं द्या की पाहणाराही गेला असता. आपल्याकडे ते शोधावं लागत नाही. मोटर चालवायला लागणाऱ्या थ्री फेज लाइटची पाळी रात्रीची आहे, हरभरा सुकतोय, म्हणजे दोन वाजता वावरात जावंच लागते, मग काऊन गेला हे कोणी विचारत नाही. तो स्टार्टरचं हिरवं बटन दाबतो, मोटर गुरगुरते पण पाणी येत नाही, पाइपातलं पाणी उतरलेलं असते, म्हणून टॉर्च दातात धरून दोन्ही हातांनी बादली ओततो. आता त्याला मागं वळून पाहता येत नाही. हा शॉट घाई न करता घ्या.

दुसरी, त्याचं म्हणणं खरं निघालं पाहिजे. तुरीत खसफस झाली, तो म्हणतो रोही (नीलगाय) असंल, आणि रोहीच निघते. लांब उजेड दिसला, तर दुसऱ्याच्या जागलीवरची टॉर्च. दोनदा तो बरोबर ठरला की लोक त्याच्या बाजूनं होतात. तिसऱ्यांदा मोटर बंद आहे आणि तरी दांडात, म्हणजे वावरातल्या पाटात, पाणी वाहतंय. तो म्हणतो, वरच्या कोणी सोडलं असंल, आणि दांडाच्या काठानं वर चालायला लागतो. एकदम शहाण्या माणसासारखं. ओरडायला लावू नका त्याला.

तिसरी, मानत नाही म्हणून त्याला शिक्षा देऊ नका. साप चावला तर झाडफूक सोडून दवाखान्यात नेणारा माणूस हाच असतो, आणि फिल्मनं त्यालाच मूर्ख ठरवलं तर बसलेली पोरं नेमकं उलटं शिकून जातात. शेवटी लिंबू-मिरची घेऊन येणारा मांत्रिक तर नकोच. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध 2013 चा कायदा या राज्याला करावा लागला, तो काही उगाच नाही. गावात एकटी राहणारी बाई चेटकीण म्हणूनही दाखवू नका, फिल्म संपते पण पोरं तिला त्याच नावानं हाका मारत राहतात.

वाचणारी पोरगी. सिनेमाच्या अमेरिकन अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी 1987 मध्ये हिला 'फायनल गर्ल' नाव दिलं. 1978 च्या 'हॅलोविन'मधली लॉरी बघा, बाकीच्यांच्या आधी तिच्याच नजरेला काहीतरी खटकते. तुमची पोरगी काय पाहते ते सुरुवातीलाच दाखवा. 2017 च्या 'लपाछपी' या मराठी हॉरर फिल्ममध्ये ऊस होता, आपल्याकडे तूर आहे, ती डोक्याच्या वर गेलेली असते. त्या तुरीतून अंधारात वाट काढायची सवय पोरीला निंदणापासून आहे, हे दुसऱ्या मिनिटात एकदा दिसलं की पुरे.

भूत सगळ्यात शेवटी लिहा. त्याला काय पाहिजे ते एका ओळीत, बोलायला काही नको. माझ्या भुताची ओळ होती, पाणी द्यायची पाळी अर्धी राहिली. विळा नाही, सुटलेले केस नाहीत. दांडाच्या वरच्या टोकाला, पाठमोरं, फावड्यानं माती ओढून पाणी वळवत उभं.